मॅक्स फॉन सिडो : पडद्यावर दिसणारे रंगभूमीचे हात

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. आपण प्रायोगिक नाटकांतून काम करता आणि मॅक्स फॉन सिडो यांना केवळ चित्रपटांतून ओळखता. ‘द सेव्हन्थ सील’मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’मधला वृद्ध धर्मगुरू, एवढीच त्यांची ओळख असलेल्या नटाने त्यांच्याकडे रंगभूमीचा नट म्हणून कसे पाहावे, असे आपण विचारले आहे. हॉलीवूडमध्ये गेल्यावर त्यांच्यातला रंगनट हरवला का, हा आपला दुसरा प्रश्न आहे. गेली तीस वर्षे मी नटांच्या तालमी घेत आलो आहे आणि या एका माणसाची कामे, कधी स्वतःसाठी तर कधी विद्यार्थ्यांसाठी, पुनःपुन्हा लावून पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की रंगनट हरवला नाही. तो शेवटपर्यंत त्यांच्या हातांत आणि पाठीत शाबूत होता. त्यांच्या चेहऱ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तो चेहरा तसा आहेच. पण चेहरा कॅमेऱ्याने पुढे आणला, हात आणि पाठ मात्र नाट्यगृहाने घडवली, असे माझे मत आहे. हे मत कशावरून बनले, ते त्यांच्या आयुष्याच्या क्रमाने मांडतो.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९२९ रोजी दक्षिण स्वीडनमधील लुंड या विद्यापीठाच्या गावी झाला. पाळण्यातले नाव कार्ल आडोल्फ. वडील कार्ल विल्हेल्म फॉन सिडो हे लुंड विद्यापीठात लोकसाहित्याचे प्राध्यापक होते. एखादी लोककथा एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेली की त्या मातीप्रमाणे आपले रूप बदलते आणि तिथलीच होऊन राहते, हा विचार ज्यांनी अभ्यासकांपुढे मांडला, त्यांपैकी ते एक प्रमुख नाव. आई शिक्षिका होती. घरचे वातावरण शिस्तीचे आणि लुथरपंथी, आणि मुलगा लाजाळू, कमी बोलणारा. शाळेतच त्यांना इंग्रजीची चांगली ओळख झाली, जिचा उपयोग पुढे सारे आयुष्य होणार होता. मुलाचा पिंड नाटकवाल्याचा असावा असे या घरात काहीच नव्हते. फक्त गोष्टी होत्या, आणि त्या भरपूर होत्या.

१९४४ मध्ये शेजारच्या माल्मो शहरात महापालिकेचे मोठे नाट्यगृह सुरू झाले. शाळेतर्फे तिथे जाऊन या मुलाने शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ पाहिले, आणि परत आल्यावर मित्रांना जमवून हौशी नाटकमंडळी काढली. आपल्याकडेही कितीतरी नटांची सुरुवात अशीच, शाळेने दाखवलेल्या एखाद्या प्रयोगातून झालेली असते. ‘मॅक्स’ हे नाव मात्र लष्करी सेवेच्या काळातले आहे. पिसवांच्या सर्कशीतल्या मॅक्स नावाच्या पिसवेवरून त्यांनी ते उचलले आणि जन्मभर वापरले.

१९४८ ते १९५१ ही तीन वर्षे त्यांनी स्टॉकहोमच्या राजेशाही नाट्यगृहाच्या, म्हणजे ‘ड्रामाटेन’च्या, नाट्यशाळेत काढली. ग्रेटा गार्बो आणि इन्ग्रिड बर्गमन याच शाळेतून बाहेर पडल्या होत्या, आणि फॉन सिडो यांच्या बरोबरीने तिथे इन्ग्रिड थुलिन शिकत होत्या. शिकत असतानाच आल्फ शोबर्ग या मोठ्या दिग्दर्शकाने त्यांना ‘ओन्ली अ मदर’ (१९४९) आणि स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या नाटकावरील ‘मिस ज्युली’ (१९५१) या चित्रपटांत लहान कामे दिली. त्या कामांवर इथे थांबण्याचे कारण नाही. थांबायला हवे ते त्यानंतरच्या चार वर्षांवर, कारण चरित्रे ही वर्षे एका वाक्यात उरकतात आणि नटाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहेत.

शाळा संपताच फॉन सिडो राजधानीत राहिले नाहीत. ते नॉरशोपिंग आणि लिनशोपिंग या दोन शहरांच्या संयुक्त नाट्यगृहात गेले आणि तिथे त्यांनी नऊ भूमिका केल्या, ज्यांत इब्सेनचा पेअर गिंटही होता. १९५३ मध्ये ते हेल्सिंगबोर्गला गेले. तिथे अकरा भूमिका झाल्या; ‘द टेम्पेस्ट’मधला प्रॉस्पेरो आणि पिरांदेल्लोचा चौथा हेन्री त्यांतलेच. पंचविशीच्या आसपासचा हा तरुण प्रॉस्पेरो करतो आहे, म्हणजे वयाने बापासारखा, राज्य गमावलेला, जादू जाणणारा म्हातारा उभा करतो आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. स्वीडनमधील या नगर-नाट्यगृहांची रीत अशी की नटांचा संच ठरलेला असतो, त्याला मासिक पगार असतो, एका नाटकाचे प्रयोग चालू असताना दुसऱ्याच्या तालमी चालू असतात, आणि आज नायक असलेला नट पुढच्या नाटकात दोन वाक्यांचा निरोप्या असतो. प्रेक्षक तेच, गाव तेच. आपला चेहरा त्यांना पाठ झालेला असताना दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा माणूस होऊन त्यांच्यासमोर यायचे, तर चेहऱ्यावर विसंबून भागत नाही. चाल बदलावी लागते, खांद्यांचा कोन बदलावा लागतो, एखादी वस्तू उचलण्याची पद्धत बदलावी लागते. व्यावसायिक नाटकात एकाच भूमिकेचे पाचशे प्रयोग करणाऱ्या आपल्या नटांना जी सफाई मिळते ती वेगळी, आणि चार वर्षांत वीस माणसे उभी करणाऱ्याला मिळते ती वेगळी. दोन्हींची किंमत मोठी आहे. फॉन सिडो दुसऱ्या प्रकारात घडले.

१९५५ मध्ये ते माल्मोला आले. ज्या नाट्यगृहात शाळकरी वयात नाटकाचे वेड लागले त्याच नाट्यगृहात आता ते नोकरीला होते, आणि तिथे इंगमार बर्गमन दिग्दर्शक होते. त्या नाट्यगृहाचा आकार डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. सतराशेच्या आसपास खुर्च्या, आणि अवाढव्य रुंद रंगमंच. आपल्याकडच्या हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात ज्याने काम केले आहे, त्याला ठाऊक असते की शेवटच्या रांगेला नटाचे डोळे दिसत नाहीत. दिसते ती त्याची आकृती, तो कसा वळला, हात कुठे थांबला, पाठ ताठ आहे की खचली. माल्मोमध्ये हे कितीतरी पटींनी खरे होते. सहा फूट चार इंच उंचीच्या नटाला अशा रंगमंचाचा एक फायदा आणि एक धोका असतो. तो दिसतो सहज, पण त्याची प्रत्येक फुकट हालचालही तेवढीच मोठी दिसते. फॉन सिडो यांनी तिथे फुकट हालचाली टाकून दिल्या. टेनेसी विल्यम्सच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मधला ब्रिक, मोलिएरच्या ‘मिझान्थ्रोप’मधला आल्सेस्त, गटेचा फाउस्ट, आणि पुन्हा एकदा पेअर गिंट, या सगळ्या भूमिका त्यांनी बर्गमन यांच्या हाताखाली माल्मोत केल्या. पेअर गिंट हा विशीतला खोटारडा पोर म्हणून सुरू होतो आणि म्हातारा होऊन घरी परततो. म्हणजे एका संध्याकाळी एका नटाने पन्नास वर्षे जगायची. गटेच्या ‘उरफाउस्ट’चा, म्हणजे ‘फाउस्ट’च्या आरंभीच्या खर्ड्याचा, प्रयोग १९५९ मध्ये लंडनलाही गेला.

आता चित्रपटांकडे वळू. बर्गमन यांचे चित्रपट ज्या पद्धतीने बनले ती पद्धत मुळात नाटकाच्या वेळापत्रकातून आली होती. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत नाट्यगृह चालू, उन्हाळ्यात बंद. त्या सुट्टीत तोच नटसंच घेऊन बर्गमन चित्रीकरण करीत. हिवाळाभर एकमेकांच्या प्रवेशांचे वजन पेलत आलेली माणसे उन्हाळ्यात कॅमेऱ्यासमोर उभी राहत, म्हणून त्यांना ओळख करून घ्यायला दिवस लागत नसत. ‘द सेव्हन्थ सील’ १९५६ च्या उन्हाळ्यात सुमारे पस्तीस दिवसांत चित्रित झाला. त्याचे मूळही एका एकांकिकेत आहे. माल्मोतल्या नाट्यविद्यार्थ्यांसाठी बर्गमन यांनी ती लिहिली होती. चित्रपट फेब्रुवारी १९५७ मध्ये पडद्यावर आला तेव्हा फॉन सिडो सत्तावीस वर्षांचे होते, आणि दहा वर्षे धर्मयुद्धात घालवून थकलेला अंटोनियस ब्लॉक त्यांनी उभा केला होता.

या चित्रपटातली बुद्धिबळाची चौकट सर्वांच्या लक्षात राहते. मी विद्यार्थ्यांना दुसरा प्रसंग दाखवतो. सरदार चर्चमध्ये पापनिवेदनाला जातो. जाळीच्या पलीकडे धर्मगुरू आहे असे समजून मनातले सारे बोलतो, आणि बोलता बोलता आपल्या खेळाचा डावही सांगून टाकतो. पलीकडे मृत्यू बसलेला असतो. फसवले गेल्याचे कळल्यावर हा नट ओरडत नाही, छाती पिटत नाही. मृत्यू निघून जातो, आणि तो स्वतःचा हात वर घेऊन त्याच्याकडे पाहतो. हा माझा हात आहे, तो मला हलवता येतो, त्यात रक्त वाहते आहे, अशा आशयाचे शब्द तो म्हणतो, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जवळजवळ आनंद उमटतो. शब्दांच्या आधी हात येतो, एवढे तिथे पाहावे. आणखी पुढे, डोंगरउतारावर डोंबारी कुटुंबाबरोबर बसून रानातल्या स्ट्रॉबेऱ्या आणि दूध घेताना, तो दुधाचे भांडे दोन्ही हातांनी धरतो आणि हा क्षण असाच जपून नेईन असे सांगतो. ते भांडे तो ज्या काळजीने धरतो, त्यात साऱ्या युद्धाचा शीण आणि तो उतरल्याची जाणीव दोन्ही आहेत. माल्मोच्या शेवटच्या रांगेतूनही तो हात कळला असता. कॅमेरा जवळ होता म्हणून त्याने तो हलका केला, इतकेच.

त्याच १९५७ मध्ये आलेल्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये फॉन सिडो एका पेट्रोल पंपाच्या मालकाचे काम करतात. काम मोजक्या मिनिटांचे. नुकताच जगभर गाजलेल्या चित्रपटाचा नायक इथे मुख्य भूमिका करणाऱ्या वृद्ध व्हिक्टर शोस्ट्रोम यांच्या मोटारीत पेट्रोल भरतो आणि हसून पैसे नाकारतो. संचातल्या नटाला यात कमीपणा वाटत नाही, कारण नगर-नाट्यगृहात त्याने हेच केलेले असते. ‘विंटर लाइट’ (१९६३) मध्येही ते जगाच्या नाशाच्या भीतीने खचलेल्या कोळ्याच्या छोट्या भूमिकेत आहेत. तो माणूस जेमतेम बोलतो, खाली पाहत बसतो, आणि तरी चित्रपटाचे सारे ओझे त्याच्या वाकलेल्या मानेवर येऊन पडते. ‘द मॅजिशियन’ (१९५८) मध्ये तर ते मुका असल्याचे सोंग करणाऱ्या जादूगाराचे काम करतात आणि चित्रपटाच्या मोठ्या भागात एक शब्दही उच्चारत नाहीत. ज्याचा आवाज ही त्याची मोठी संपत्ती होती, त्याच्याकडून तो काढून घेण्याचे धाडस बर्गमन यांना करता आले, कारण आवाज नसतानाही हा नट रिकामा उभा राहणार नाही हे त्यांनी रंगमंचावर पाहिले होते.

‘द व्हर्जिन स्प्रिंग’ (१९६०) ही मला त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते. ‘द सेव्हन्थ सील’ला अधिक मान आहे हे ठाऊक असूनही मी या मतावर ठाम आहे. कथा मध्ययुगीन स्वीडिश लोकगीतावरून घेतलेली आहे. टोरे या सधन शेतकऱ्याची कोवळी मुलगी चर्चला मेणबत्त्या घेऊन जाताना रानात धनगरांच्या हातून मारली जाते, आणि तेच मारेकरी रात्री अजाणता त्याच्याच घरी आसरा मागतात. बापाला सत्य कळते. यानंतरचा प्रसंग नटाने अक्षरशः तालमीच्या वहीत उतरवून घ्यावा असा आहे. पहाटेच्या उजेडात टोरे एकटा माळावर जातो. तिथे बर्चचे एकच कोवळे झाड उभे आहे. तो कुऱ्हाड वापरत नाही. झाडाला दोन्ही हातांनी भिडतो, त्याला हलवतो, वाकवतो, अंगाचा सगळा भार टाकून अखेर त्याला जमिनीवर पाडतो, आणि क्षणभर त्यावर तसाच पडून राहतो. मग सुरीने त्याच्या डहाळ्या तोडतो, गरम पाण्याने स्नान करताना त्या डहाळ्यांनी स्वतःचे अंग झोडपतो, आणि पशू कापायचा सुरा घेऊन घरात येतो. या साऱ्यात संवाद जवळपास नाहीत. चेहरा तर बराच काळ दूर असतो. दुःखाचे संतापात आणि संतापाचे विधीत रूपांतर होते ते केवळ शरीराच्या हालचालींतून.

पण खरी कसोटी शेवटी आहे. तीन हत्या झाल्यानंतर, ज्यांत एक लहान मुलगाही आहे, टोरे मुलीच्या मृतदेहापाशी येतो. तिथून तो चार पावले दूर जातो, आपल्याकडे पाठ करतो, गुडघ्यांवर कोसळतो, आणि पाठमोराच देवाशी बोलतो: तू हे पाहिलेस आणि होऊ दिलेस, मला तू कळत नाहीस, तरी तुझीच क्षमा मागतो. आपल्या या दोन हातांनी इथे दगडी चर्च बांधीन, असे वचनही तो तसाच पाठमोरा देतो. चित्रपटाच्या सर्वांत तीव्र क्षणी नायकाचा चेहरा प्रेक्षकाला दाखवायचा नाही, हा निर्णय दिग्दर्शकाचा. पण तो पेलणारी पाठ नटाची आहे. ‘प्रेक्षकाला पाठ दाखवू नये’ हा आपल्या जुन्या तालमींतला धडा किती अर्धवट आहे, हे मी दरवर्षी या प्रसंगावरून सांगतो. त्या वेळी फॉन सिडो अवघे तीस वर्षांचे होते. या चित्रपटाला आणि पुढच्याच वर्षी ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ला सर्वोत्तम परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. बर्गमन यांच्याबरोबर त्यांनी एकंदर अकरा चित्रपट केले. १९७१ चा ‘द टच’ हा त्यांतला शेवटचा.

आता हॉलीवूड. जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ (१९६५) मध्ये ते येशू ख्रिस्त झाले. चित्रपट भव्य आणि जड आहे, आणि इतक्या पवित्र मानलेल्या भूमिकेत नटाला हालचालीला जागा उरत नाही हे त्यात स्पष्ट दिसते. मात्र यानंतर इंग्रजी चित्रपटांची दारे त्यांना कायमची उघडली. ‘हवाई’ (१९६६) मध्ये ते हटवादी मिशनरी झाले, ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’ (१९७५) मध्ये शांतपणे माणसे मारणारा भाडोत्री मारेकरी झाले. ‘फ्लॅश गॉर्डन’मधला सम्राट मिंग, बाँडपटातला ब्लोफेल्ड अशा खलनायकी भूमिकांची मोठी रांग पुढे लागली. त्यांतल्या बऱ्याच भूमिका त्यांच्या योग्यतेच्या नव्हत्या, हे मान्य करायला हवे. परंतु त्यांतल्या एकाही भूमिकेत ते वरवर काम करताना मला दिसले नाहीत, आणि याचे मूळही मला त्या अकरा आणि नऊ भूमिकांच्या दिवसांत दिसते. मिळालेले काम पूर्ण अंगाने करायचे, ही पगारी संचातल्या नटाची सवय आहे.

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) बद्दल आपण खास विचारले आहे. फादर मेरिन हा सत्तरीच्या पुढचा, हृदयविकाराचा रोगी दिसतो. प्रत्यक्षात फॉन सिडो तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. डिक स्मिथ यांची रंगभूषा इतकी अचूक होती की असंख्य प्रेक्षकांनी हा नट खरोखरच म्हातारा आहे असे धरले, आणि पुढची अनेक वर्षे ते ‘अजून कसे काम करतात’ याचे आश्चर्य केले. पण रंगभूषा फक्त कातडी म्हातारी करते. चित्रपटाच्या सुरुवातीला उत्तर इराकमधील उत्खननाचा भाग आहे. तिथे चहाच्या दुकानात बसलेला मेरिन औषधाची गोळी तोंडात टाकतो आणि त्याचे हात थरथरतात. ती थरथर मोठी नाही, सतत नाही; आपली थरथर कोणाला दिसू नये अशी धडपड करणाऱ्या माणसाची ती आहे. विशीत प्रॉस्पेरो आणि पेअर गिंटचे म्हातारपण रंगमंचावर केलेल्या नटालाच हा फरक कळतो. म्हातारा दाखवण्यासाठी नवखा नट थरथर ‘करतो’. अनुभवी नट ती दाबतो.

इंग्रजी चित्रपट चालू असतानाच स्वीडनमध्ये यान ट्रोएल यांनी विल्हेल्म मूबेरी यांच्या कादंबरीमालेवरून ‘द एमिग्रंट्स’ (१९७१) आणि ‘द न्यू लँड’ (१९७२) हे दोन दीर्घ चित्रपट केले. स्मोलांड या दगडाळ प्रदेशातला गरीब शेतकरी कार्ल ऑस्कर आणि त्याची पत्नी क्रिस्टिना दुष्काळ व उपासमार सोसून अमेरिकेत मिनेसोटाला जातात. क्रिस्टिनाचे काम लिव्ह उल्मन यांनी केले आहे. शेतातले दगड हलवणारा, झाडे तोडणारा, घर उभारणारा हा माणूस प्रत्यक्ष कष्ट करताना दिसतो; ‘शेतकऱ्याचा अभिनय’ कुठेच नाही. ‘द न्यू लँड’मध्ये हिमवादळात सापडलेल्या मुलाला वाचवण्यासाठी कार्ल ऑस्कर आपला बैल मारतो आणि मुलाला त्याच्या उबदार पोटात ठेवतो. शेतकऱ्याने स्वतःचा बैल मारणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

रंगभूमी त्यांनी सोडली नव्हती. १९७२ मध्ये ड्रामाटेनमध्ये बर्गमन यांनी बसवलेल्या इब्सेनच्या ‘द वाइल्ड डक’मध्ये ते होते. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पेर ओलोव्ह एन्क्विस्ट यांच्या नाटकात त्यांनी स्वतः स्ट्रिंडबर्गची भूमिका केली. नाटक फार दिवस चालले नाही. १९८८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये जोनाथन मिलर यांनी ‘द टेम्पेस्ट’ बसवले तेव्हा प्रॉस्पेरो होते फॉन सिडो. हेल्सिंगबोर्गच्या तरुणपणातल्या प्रॉस्पेरोनंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि या वेळी वय भूमिकेपाशी येऊन पोहोचले होते, भाषा मात्र परकी होती. हॉलीवूडने रंगनट गिळला असता तर साठीच्या उंबरठ्यावर शेक्सपिअरच्या देशात, शेक्सपिअरच्या भाषेत उभे राहण्याची जोखीम त्यांनी घेतली नसती.

त्याच सुमारास ‘पेले द कॉन्करर’ (१९८७) आला. बिले आउगुस्ट यांचा हा चित्रपट मार्टिन अँडरसन नेक्सो यांच्या कादंबरीच्या पहिल्या भागावर आहे. एकोणिसाव्या शतकात स्वीडनच्या दक्षिण टोकातून बॉर्नहोम या डॅनिश बेटावर मजुरीसाठी आलेला विधुर लासे आणि त्याचा लहान मुलगा पेले यांची ही गोष्ट. लासे हा स्कोने प्रदेशातला, म्हणजे फॉन सिडो यांच्या जन्मप्रदेशातलाच माणूस. बंदरावर मालक लोक मजूर निवडायला आलेले असतात. सगळ्यांची निवड होते, आणि हा म्हातारा व त्याचे पोर शेवटपर्यंत उभे राहतात. पहिल्याच मागणीला होकार द्यायचा नाही, असे मुलाला बजावणारा लासे मिळेल त्या कामाला निमूट मान डोलावतो. पुढे शेतावरचा एक उद्दाम उमेदवार, म्हणजे काम शिकायला ठेवलेला तरुण, पेलेला चाबकाने मारून त्याची विटंबना करतो. लासे संतापतो, त्याला दाखवतोच म्हणून तावातावाने निघतो, मुलाचे डोळे अभिमानाने भरतात. आणि प्रत्यक्ष समोर उभे राहिल्यावर या सहा फूट चार इंच उंचीच्या देहातली सारी हवा निघून जाते. खांदे आत येतात, हात कुठे ठेवावे ते कळेनासे होते, आवाज लाचार होतो. एवढा मोठा देह इतका लहान करून दाखवणे हे मला झाड पाडण्याच्या प्रसंगाइतकेच अवघड वाटते. रविवारी सकाळी अंथरुणात कॉफी मिळावी, एवढेच लासेचे सुखाचे स्वप्न; ते सांगताना फॉन सिडो यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. या चित्रपटाला १९८८ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान आणि पुढे परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. फॉन सिडो यांना सर्वोत्तम अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले आणि युरोपियन फिल्म अवॉर्डही मिळाले.

१९८८ मध्ये त्यांनी ‘कातिंका’ हा एकच चित्रपट दिग्दर्शित केला. हर्मन बांग या डॅनिश लेखकाच्या कादंबरीवरचा हा संयत चित्रपट स्वीडनच्या गुल्डबागे पुरस्कारांत सर्वोत्तम चित्रपट आणि सर्वोत्तम दिग्दर्शक ठरला. पुन्हा मात्र ते दिग्दर्शनाकडे वळले नाहीत. १९९६ च्या ‘हामसुन’मध्ये त्यांनी नाझींची बाजू घेणारा वृद्ध नॉर्वेजियन लेखक क्नुट हामसुन साकारला, त्यात ते स्वीडिश बोलतात, पत्नीचे काम करणाऱ्या गीता नॉर्बी डॅनिश बोलतात, आणि पात्रे दोन्ही नॉर्वेची आहेत, तरी पाच मिनिटांनंतर ते खटकत नाही. एक हळहळही नोंदवतो. बर्गमन यांनी ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ (१९८२) मधला कठोर बिशप त्यांना डोळ्यांसमोर ठेवून योजला होता. मानधनाच्या वाटाघाटींत ती भूमिका हातची गेली, आणि याची खंत फॉन सिडो यांनी पुढे बोलून दाखवली. बर्गमन यांच्याच पटकथेवरच्या ‘द बेस्ट इंटेन्शन्स’ (१९९२) मध्ये मात्र त्यांनी काम केले. १९९७ मध्ये त्यांनी फ्रेंच चित्रपटकर्त्या कॅथरीन ब्रेले यांच्याशी दुसरे लग्न केले, ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले, आणि २००२ मध्ये फ्रेंच नागरिकत्व घेऊन त्यांनी स्वीडिश नागरिकत्व सोडले.

उतारवयातल्या कामांपैकी दोन आपण जरूर पाहावीत. ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ (२००७) फ्रेंच भाषेत आहे. नव्वदीपार गेलेला बाप खुर्चीत बसला आहे आणि प्रौढ मुलगा त्याची दाढी करतो आहे, असा त्यात एक प्रसंग आहे. गालावर साबण, मान मागे टाकलेली, बाप मुलाला टोचून बोलतो आणि त्याच श्वासात त्याचे कौतुकही करतो. पुढे मुलगा पक्षाघाताने पूर्ण जखडला जातो, फक्त एक पापणी हलते. जिने उतरता न येणारा बाप घरातून त्याला फोन करतो. पलीकडून उत्तर येणार नाही हे त्याला माहीत आहे. काय बोलायचे ते तो विसरतो, रडू आवरतो, आपण दोघेही आपापल्या जागी अडकलो आहोत असे सांगतो. एका नटाने केवळ टेलिफोनच्या रिसीव्हरला धरून केलेला हा प्रवेश पाहिला म्हणजे स्वगत कसे बोलावे याची वेगळी शिकवणी लागत नाही.

दुसरे काम ‘एक्स्ट्रीमली लाउड अँड इन्क्रेडिबली क्लोज’ (२०११) मधले. यात ते बोलणे सोडून दिलेल्या वृद्धाचे काम करतात. तो वहीत चिठ्ठ्या लिहितो, आणि त्याच्या एका तळहातावर ‘होय’, दुसऱ्यावर ‘नाही’ लिहिलेले आहे. लहान मुलाने काही विचारले की तो एक हात उघडून दाखवतो. ‘द मॅजिशियन’मधल्या मुक्या जादूगारानंतर त्रेपन्न वर्षांनी पुन्हा एक नि:शब्द भूमिका, आणि या वेळी सारे उत्तर शब्दशः तळहातांत. याच कामासाठी ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना दुसरे ऑस्कर नामांकन मिळाले.

पाहण्याचा क्रम विचाराल, तर ‘द एक्झॉर्सिस्ट’पासून सुरुवात करू नका. आधी ‘द व्हर्जिन स्प्रिंग’मधला झाडाचा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि फक्त खांदे व मनगटे पाहा. मग ‘पेले द कॉन्करर’ पूर्ण पाहा, आणि तोच देह उमेदवारासमोर किती लहान होतो ते पाहा. या दोहोंत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. त्यानंतर ‘द सेव्हन्थ सील’कडे या, तोपर्यंत आपली नजर बुद्धिबळाच्या पटावरून हलून पापनिवेदनाच्या जाळीजवळ वर उचललेल्या त्या हाताकडे आपोआप जाईल. आवाजासाठी लार्स फॉन ट्रियर यांचा ‘युरोपा’ (१९९१) ऐका. त्यात फॉन सिडो एकदाही दिसत नाहीत. ते फक्त निवेदन करतात आणि आकडे मोजत प्रेक्षकाला संमोहित करतात.

८ मार्च २०२० रोजी, नव्वदाव्या वर्षी, दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी, २०१८ मध्ये, बुडालेल्या रशियन पाणबुडीवरील ‘कुर्स्क’ या चित्रपटात ते नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भूमिकेत उभे होते, आणि पाठ तेव्हाही ताठ होती.